राहून गेलेला शुक्रिया

बेलापूर नावाच्या स्टेशनावर उतरलात, तर तुम्ही बेलापुरात नसता, श्रीरामपुरात असता. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या त्या स्टेशनाचं नाव बेलापूर, पण आमचं गाव तिथून बाजूला, प्रवरेच्या काठी. नव्या मुंबईचं बेलापूर तर आणखी वेगळं. लग्नकार्याला येणारे पाहुणे हमखास गोंधळतात. मग आम्ही फोनवर सांगतो, "बेलापूर बुद्रुक विचारा."

हे 'बुद्रुक' म्हणजे काय, असं मी दरवर्षी आठवीच्या मुलींना विचारते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू असे दोन्ही विषय शिकवते. मुली गप्प बसतात. मग मी विचारते, "घरात दादाजानना काय म्हणतात? घर के...?" "बुज़ुर्ग!" सगळ्या एकदम ओरडतात. तोच हा शब्द. फारसीतला बुज़ुर्ग म्हणजे थोर, मोठा. मराठीत येता येता त्याचा बुद्रुक झाला. आणि खुर्द म्हणजे धाकटा. महाराष्ट्रात बुद्रुक आणि खुर्द अशा गावांच्या जोड्या जागोजागी आहेत. म्हणजे आपल्या गावाच्या नावात एक थोरली व्यक्ती बसलेली आहे, हे कळल्यावर मुलींचे चेहरे बघण्यासारखे होतात. मराठीचा तास त्यांना जरा आपला वाटू लागतो.

पण शब्दांचं हे वेड मला हौसेनं लागलेलं नाही. त्याची किंमत आमच्या घरानं मोजली आहे.

माझे अब्बा मूळचे मालेगावचे. सातवीपर्यंत उर्दूत शिकलेले. लग्नानंतर अम्मीच्या गावी, बेलापुरात राहिले आणि एका व्यापाऱ्याच्या गोदामावर कामाला लागले. मराठी त्यांना बोलण्यापुरती यायची, लिहिलेली वाचताना अडखळायचे. मी तिसरीत असताना गोदामातली काही पोती कमी भरली. वादावादी झाली. शेवटी तिथल्या मुनीमजींनी सांगितलं, "राजीनामा लिहून द्या, विषय मिटेल."

उर्दूत राज़ीनामा म्हणजे समझोता. दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. अब्बांना वाटलं, भांडण मिटतंय, मालक समजुतीला तयार आहेत. त्यांनी आनंदानं सही केली. त्या संध्याकाळी येताना ते आमच्यासाठी जिलेबी घेऊन आले होते, ते मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कामावर गेले आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आले. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद, हे त्यांना गोदामाच्या दारात कळलं.

कुणी फसवलं असं अब्बा कधीच म्हणाले नाहीत. "लफ़्ज़ ने धोका दिया," एवढंच म्हणायचे, आणि मग, "अल्लाह की रज़ा." पुढे त्यांनी सायकलला दोन पेट्या बांधल्या आणि गल्लोगल्ली खारी-टोस्ट विकायला सुरुवात केली. आयुष्याच्या शेवटापर्यंत तेच केलं.

त्यांच्या फेरीच्या वाटेवर एका मराठी शाळेतल्या बाईंचं घर होतं. एक दिवस अब्बा मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून तिथे घेऊन गेले. म्हणाले, "बाई, मेरी बेटी को मराठी पक्की सिखाओ. मेरे जैसा नहीं होना." बाईंनी काही विचारलं नाही. "उद्यापासून दिवेलागणीला पाठवा," म्हणाल्या.

सहा वर्षं मी त्यांच्याकडे जात होते. एक पैसा त्यांनी घेतला नाही. अब्बा टोस्टचा पुडा पुढे करायचे, तर बाई त्याचे पैसे मोजून हातावर ठेवायच्या. "शिकवणं वेगळं आणि टोस्ट वेगळे," असा त्यांचा हिशेब होता.

शिकवण्याची त्यांची रीत साधी होती. रोज पाच शब्द. प्रत्येक शब्दाचं वाक्य स्वतःच्या घरातलं हवं, पुस्तकातलं चालणार नाही. 'मशागत' शब्द आला तेव्हा मी म्हणाले, "आमच्या घरी शेत नाही." बाई म्हणाल्या, "वडील सायकल मारून आल्यावर काय म्हणतात?" मी म्हणाले, "बहुत मशक्कत हुई." बाईंनी मोल्सवर्थचा जाडजूड कोश काढला आणि दाखवलं. अरबीतली मशक्कत, म्हणजे कष्ट, मराठीत आली आणि जमिनीच्या कष्टाला चिकटली. त्या दिवसापासून मशागत शब्द लिहिताना मला नांगर दिसत नाही, दोन पेट्यांची सायकल दिसते.

'ळ' माझ्या जिभेला यायचा नाही, कारण उर्दूत तो नाहीच. बाई मला 'काळं केळं' पन्नासदा म्हणायला लावायच्या. मी वैतागले की म्हणायच्या, "बरं, आता तू मला शिकव. तुमचा तो ख़ कसा म्हणतात?" आणि साठीकडे झुकलेल्या बाई माझ्यासमोर घसा खरवडत 'ख़बर', 'ग़म' म्हणायच्या. आम्ही दोघी हसून हसून लोळायचो. आपली भाषा शिकवताना समोरच्याची भाषा शिकून घ्यायची, हा धडा मला बी.एड.च्या वर्गात नंतर मिळाला. खरा मिळाला तो त्या ओट्यावर.

माझ्या वहीत तेव्हापासून दोन रकाने आहेत, मराठी अर्थ आणि उर्दू अर्थ. खुलासा: उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. तालीम: उर्दूत शिक्षण, मराठीत आखाडा किंवा नाटकाची तयारी. हरकत: उर्दूत हालचाल, मराठीत आक्षेप. शिकस्त: उर्दूत पराभव, आणि मराठीत प्रयत्नांची शिकस्त, म्हणजे हरेपर्यंत झटणं. त्या यादीत पहिला शब्द राजीनामा आहे. तो बाईंनीच लिहायला लावला होता. "ज्या शब्दानं मारलं त्याला आधी ओळखायचं," म्हणाल्या होत्या.

असा अभ्यास करणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, हे पुढे कळलं. कवी माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते. त्यांचा फार्शी-मराठी कोश 1925 साली निघाला. त्याहून तीनशे वर्षं मागे, आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. भाषा ही एकाच घराची मालमत्ता नव्हती, हे मुलींना सांगायला मला लांबचे दाखले शोधावे लागत नाहीत.

आणि आपला दीन तर भाषा शिकण्याला सत्कार्यच मानतो. अल्लाहने हजरत आदम (अ.) यांना सर्वप्रथम सगळ्या वस्तूंची नावं शिकवली, असं पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे. माणसाचा पहिला धडा शब्दांचा होता. भाषा आणि रंग यांतलं वेगळेपण ही अल्लाहची निशाणी आहे, असं सूरह रूम सांगते. प्रेषितांच्या (स.) सांगण्यावरून हजरत ज़ैद बिन साबित (रजि.) यहुद्यांची लिपी शिकले, तीही पंधरवड्यात. मी हे माझ्या विद्यार्थिनींच्या पालकांना पुष्कळदा सांगते. "मराठी शिकून काय करायचंय?" असं एखाद्या मुलीचे वडील विचारतात, तेव्हा मी राजीनाम्याची गोष्ट सांगते. त्यानंतर सहसा कुणी तो प्रश्न पुन्हा विचारत नाही.

हे सगळं मी शिकले, शिकवू लागले, पगार घेऊ लागले. पण एक गोष्ट राहिली. बाईंचे आभार मी कधी मानलेच नाहीत.

आपल्या घरांत तशी पद्धतही नसते. आई वाढते, वडील आणून देतात, गुरुजी शिकवतात. त्यात शुक्रिया काय म्हणायचं? पुढे माझं लग्न झालं, मी गावाबाहेर गेले. बाई निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेल्या. मी बदली होऊन गावी परतले तेव्हा त्यांच्या घराला कुलूप होतं. येता-जाता कुलूप दिसायचं आणि मी सायंकाळच्या भाजीचा विचार करत पुढे जायचे. अब्बांचंही तेच. ते गेले त्या वर्षी मला कळलं, की "तुम्ही मला सायकलवर बसवून नेलंत म्हणून मी शिकले," हे वाक्य त्यांना उभ्या आयुष्यात मी एकदाही म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत अल्लाहच्या कृपेनं मला आणि माझ्या पतींना उमऱ्याला जाता आलं. निघण्याआधी तीन महिने मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि रोज पाच अरबी शब्द पाठ करू लागले. अक्षरं ओळखीची होती, पण बोललेली अरबी समजेल याची खात्री नव्हती.

जिद्दाच्या विमानतळावर उतरलो. आगमनाच्या दारावर अरबीत लिहिलं होतं, 'अल-वुसूल'. मी वाचलं आणि हसू आलं. आपला 'वसूल'! अरबीत वुसूल म्हणजे पोहोचणं. पैसा आपल्यापर्यंत पोहोचला की आपण म्हणतो वसूल झाला. आमचे हे म्हणाले, "अगं, अजून काही खर्च केला नाही, तू वसुलीचं काय बोलतेस?"

तवाफ झाल्यावर मकाम-ए-इब्राहीमच्या मागच्या बाजूला दोन रकअत नमाज अदा केली. मकाम, म्हणजे उभं राहण्याची जागा. तोच शब्द मराठीत मुक्काम झाला. लहानपणापासून हजारो पाकिटांवर मी 'मु. पो. बेलापूर' लिहिलं होतं, त्या 'मु.'चं घर इतक्या लांब आहे हे पाठ होतं, पण तिथे उभं राहून ते वेगळंच जाणवलं. आणि लब्बैक! हजर आहे, मी हजर आहे. रोज सकाळी हजेरी घेताना माझ्या मुली जे म्हणतात तेच मी तिथे म्हणत होते. डोळे भरून आले. मला वाटलं, मला इथपर्यंत आणणाऱ्या सगळ्यांची हजेरी घ्यावी.

झमझमच्या टाकीपाशी एक सफाई कामगार मुलगा होता. गर्दीत माझ्या हातातला पेला सांडला, त्यानं काही न बोलता दुसरा भरून दिला. मी म्हणाले, "शुक्रन." तो म्हणाला, "अफ़्वन." आपल्याकडे आभाराला उत्तर म्हणून "त्यात काय एवढं" म्हणतात, अरबीत 'अफ़्वन' म्हणतात. तिचा शब्दार्थ माफी. आपला 'माफ' त्याच धातूतून आलेला. आभार मानणाऱ्याला उत्तर माफीचं! रात्री झोप येईना. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा अर्थाची प्रेषितांची (स.) हदीस मी शाळेच्या परिपाठात कितीदा तरी ऐकवली होती. फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलीही होती. आचरणात शून्य.

परत आल्यावर पहिल्या रविवारी बाईंच्या मुलाचा पत्ता मिळवला आणि खजुराचा डबा घेऊन पुण्याला गेले. बाई नव्वदीच्या जवळ आलेल्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, वर्ग सांगितला, वर्ष सांगितलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग मी म्हणाले, "काळं केळं." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "टोस्टवाल्यांची ना तू?"

मी त्यांना सगळं सांगितलं. तुमच्यामुळे शिकले, तुमच्यामुळे शिकवते, आणि हे सांगायला इतकी वर्षं लावली, माफ करा. बाई म्हणाल्या, "आभार कसले मानतेस? मुलींना नीट शिकवतेस ना?" मग मी त्यांना 'अफ़्वन'ची गोष्ट सांगितली. त्यांनी ती दोनदा ऐकली. "थांब," म्हणाल्या आणि सुनेकडून कागद-पेन मागवून माझ्यापुढे ठेवलं. "लिहून दे. तुमच्या लिपीतही लिही." मी दोन्ही लिपींत लिहिलं. त्यांनी तो कागद खजुराच्या डब्याखाली देवघराजवळ ठेवला.

अब्बांसाठी मात्र आता दुआच करता येते. ती रोज करते.

यंदा मी वर्गात एक नवा उपक्रम सुरू केला आहे. मुलींनी रोज एक शब्द आणायचा, दोन रकान्यांत लिहायचा आणि तिसऱ्या रकान्यात लिहायचं, तो कुणी शिकवला. आजी, चुलत्या, भाजीवाल्या मावशी, एसटीतले कंडक्टर, कुणीही. आणि महिन्याच्या शेवटी त्यातल्या एकाला तरी जाऊन सांगायचं, "हा शब्द मला तुमच्याकडून मिळाला, शुक्रिया." मुली आधी लाजल्या. गेल्या महिन्यात एकीची आजी शाळेच्या दारात आली. मला वाटलं तक्रार असेल. ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काही शिकवल्याबद्दल शुक्रिया म्हणालं, मॅडम. पोरीला काय झालं तेवढं विचारायला आले."

तुमच्या घरीही अशी एक वही घाला. आणि तिसऱ्या रकान्यातली माणसं हयात आहेत तोवर त्यांना भेटून या.