ऊन जमिनीच्या देशात

गेसिरच्या उकळत्या कुंडांभोवती फिरताना एक पाटी दिसते. पाण्याचं तापमान ८० ते १०० अंश आहे आणि सर्वांत जवळचं रुग्णालय ६२ किलोमीटरवर आहे, एवढंच तिच्यावर लिहिलेलं. पहारेकरी नाही, शिट्टी नाही, गुडघ्याच्याही खाली येणारी एक दोरी फक्त. त्या दोरीपलीकडे दर सहा ते दहा मिनिटांनी स्ट्रोक्कुर नावाचं कुंड फुगतं. आधी पाणी धापा टाकल्यासारखं खालीवर होतं, मग त्याचा निळसर घुमट होतो, आणि तो फुटून पाण्याचा खांब पंधरा-वीस मीटर वर जातो. दोरीपाशी उभी असलेली शाळकरी मुलंसुद्धा पाऊल पुढे टाकत नव्हती. मला स्ट्रोक्कुरइतकंच नवल त्या पाटीचं वाटलं. माहिती खरी आणि पुरेशी दिली की माणसं शहाण्यासारखी वागतात, असं एक अख्खा देश धरून चालतो!

आइसलँड म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी भूमी, आणि वस्ती चार लाखांच्या आत. उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या सांध्यावर हा देश बसला आहे. हे पट्ट वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात आणि खालचा शिलारस वर येत राहतो. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत तो उभा राहिला, हे शाळेत घोकलेलं असतं. पण रायगडाच्या कड्याला हात लावताना ‘हे एके काळी वाहत होतं’ यावर मनापासून विश्वास बसत नाही. इथे बसतो. इथे १४७७ साली वाहिलेल्या लाव्हावर चालताना त्याच्या कडा अजून बुटाला टोचतात. कोकणात उन्हवऱ्याला, तुरळला, इकडे वज्रेश्वरीला आपण ऊन पाण्यात पाय सोडतो तेव्हा ज्वालामुखीचा काही संबंध नसतो. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. इथे मात्र चूल अजून पेटलेली आहे.

आम्ही तिघं होतो: ताई, भावोजी आणि मी. मनात होतं ते उंच प्रदेशातलं लांडमानालॉयगर. रंगीत डोंगर, दिवसभराच्या पायवाटा आणि लाव्हाच्या कडेखालून निघणारं ऊन पाणी, सगळं एका ठिकाणी. पण तिथे जायचं कसं याचा विचार करायला बसलो आणि ती तयारीच या प्रवासातला मोठा विस्मय ठरली.

तिकडे जाणारे रस्ते वर्षातला बराच काळ बंद असतात. नकाशावर त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ लागतो आणि त्यांवर फोर बाय फोर गाडीच न्यायची असते. जून उलटत आला की बर्फ वितळतं, वाट वाळते, मग रस्ते खातं एकेक मार्ग खुला करतं. कोणत्या तारखेला, ते आधी कुणी सांगत नाही, कारण ते ऋतूच्या हातात. रस्ते खात्याच्या संकेतस्थळावर देशातला प्रत्येक रस्ता रंगाने दाखवलेला असतो: हा खुला, हा अवघड, हा बंद. वाटेवरच्या कॅमेऱ्यांची ताजी छायाचित्रं दिसतात. हवामान खात्याच्या पानावर तर पावसाआधी वारा बघायचा. वारा सेकंदाला किती मीटर, हा आकडा इथली माणसं आपण पेट्रोलचा भाव विचारतो तितक्या सहज विचारतात. त्यावर पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे. ताईने वहीत लिहून टाकलं: पंधराच्या वर वारा असेल तर वर जायचं नाही, मग आरक्षण वाया गेलं तरी चालेल. त्या एका ओळीने पुढचे कितीतरी वाद वाचवले.

गाडी भाड्याने देणाऱ्या तरुणाने किल्ली देण्याआधी दार उघडायचं कसं ते शिकवलं. आधी गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं, मग एक हात मुठीवर आणि दुसरा दाराच्या कडेवर ठेवून हळू उघडायचं. नाहीतर वारा दार बिजागरीतून उलटं फिरवतो, आणि त्याची भरपाई विम्यात सहसा बसत नाही. नदीत पाणी शिरून इंजिन गेलं तर तीही नाही. दिवे दिवसासुद्धा लावलेले हवेत. डांबरी रस्त्यावर नव्वद, खडीवर ऐंशी ही कमाल मर्यादा. आणि गाडी उजव्या बाजूने! भावोजींनी पहिल्या दिवशी गावातल्या गावातच फेऱ्या मारल्या, लांबचा पल्ला धरलाच नाही.

आणखी एक सोय पाहून मी थक्क झाले. बचाव पथकांची संघटना चालवत असलेल्या ‘सेफट्रॅव्हल’ या संकेतस्थळावर आपला बेत नोंदवता येतो: कुठून निघणार, कुठे मुक्काम, परतायला कधी. ठरल्या वेळेत तुम्ही परतल्याचं कळलं नाही, तर कुठे शोधायचं ते त्यांना माहीत असतं. ११२ क्रमांकाचं एक ॲप आहे. वाटेत अधूनमधून त्यातलं हिरवं बटण दाबलं की आपलं ठिकाण नोंदलं जातं, संकटात लाल. ताई दर मुक्कामाला निष्ठेने हिरवं दाबत होती.

वर जाण्याआधी सराव म्हणून रेक्यादालुरला गेलो. क्वेरागेर्दी गावाच्या वर तासाभराची चढण आहे. दरीत शिरलं की हिरव्या उतारांवर ठिकठिकाणी वाफा, मधून वाहणारी ऊन नदी, काठाने लाकडी फळ्यांची वाट. जितकं वर जावं तितकं पाणी कढत. लोक हाताने अंदाज घेत आपापली जागा शोधतात. पायवाटेला लागूनच राखाडी चिखल रटरटत असतो. वरून कोरडी, कडक दिसणारी जमीन तिथे पापडाइतकी पातळ असू शकते, म्हणून वाट सोडायची नाही. एवढा एक नियम पाळला की ती दरी मोकळेपणाने भोगता येते.

ऊन पाणी हा इथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. रेक्याविकच्या बायका एके काळी धुण्याची ओझी वाहून गावाबाहेरच्या झऱ्यांवर नेत. १९३० साली तिथूनच तीन किलोमीटरचा नळ टाकून एक शाळा आणि काही घरं गरम केली गेली; आज देशातली दहातली नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. गावोगावी पोहण्याचे तलाव आहेत. तिथे पाण्यात उतरण्याआधी अंगावर कपडा न ठेवता साबणाने स्नान करावं लागतं. भिंतीवरच्या चित्रात कुठे कुठे घासायचं तेही दाखवलेलं. आम्हा दोघी बहिणींना क्षणभर पाऊल उचलेना. मग शेजारच्या आजी आपल्या नातीची वेणी सोडत, गप्पा मारत, इतक्या सहज वावरताना दिसल्या की संकोच आपोआप गळला. पाण्यात औषधं कमीत कमी घालता यावीत म्हणून प्रत्येकाने स्वच्छ होऊन उतरायचं, हे तर आपल्या तीर्थांवरही पटण्यासारखं आहे.

मग वाऱ्याचा आकडा उतरला आणि आम्ही निघालो. वाटेत उजव्या हाताला ज्वालामुखी, हेक्ला. २००० साली ती शेवटची फुटली. फुटण्याआधी ती फार तर तासा-दीड तासाची सूचना देते, म्हणून तिच्यावर चढणाऱ्यांनी फोन चालू ठेवायचा असतो. ह्राउनेयारला टाकी भरून घेतली. पुढे पंप नाही. तिथून काळं वाळवंट लागतं. झाड नाही, घर नाही, डोळा टेकवायला काही नाही. रस्त्यावर खडी उडते, गाडी थरथरत राहते आणि ताशी तीस-चाळीसच्या वर जावंसं वाटत नाही. कडेला मऊ शेवाळ्याचे पट्टे. त्यावर एकदा चाक गेलं तर ती जखम भरायला कित्येक दशकं लागतात. रस्ता सोडून गाडी घालणं इथे कायद्याने गुन्हा आहे. मला हा नियम फार आवडला.

लांडमानालॉयगरच्या अगदी तोंडाशी दोन पाणवाटा आडव्या येतात. अलीकडे गाडी लावायला जागा आहे, पायी जाणाऱ्यांसाठी साकव आहे, आणि आम्ही गाडी अलीकडेच ठेवायची हे मुंबईत असतानाच ठरलं होतं. पण भावोजी काठावर बराच वेळ उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत राहिले. मीही. एक जुनी, उंच चाकांची जीप आली. चालवणाऱ्या बाई उतरल्या, पाण्याकडे बघत राहिल्या. भावोजींनी विचारल्यावर त्यांनी हाताने दाखवलं: जिथे पाणी गुळगुळीत आणि शांत दिसतं तिथे ते खोल, जिथे पसरून तरंग उठतात तिथे उथळ. पलीकडची बाहेर पडायची जागा आधी हेरायची. मग पहिला गिअर, प्रवाहाबरोबर थोडं तिरकं, एकाच संथ गतीने, मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. जिथून पायी जायची हिंमत होणार नाही तिथून गाडीही न्यायची नाही. आणि हिमनदीचं पाणी असेल तर सकाळी लवकर, कारण दिवसभर ऊन खाऊन बर्फ वितळतं आणि संध्याकाळी तीच नदी वेगळी असते. हे सगळं सांगून त्या गाडीत बसल्या आणि पुढच्या चाकांशी जेमतेम लाट उठवत पार झाल्या.

साकवापलीकडे जे दिसतं त्याला डोंगर म्हणायला मन धजत नाही. र्‍हायोलाइट या खडकाचे उतार: गुलाबी, पिवळे, करडे, मध्येच कोवळा हिरवा. लॉयगाह्रॉयनच्या काळ्या लाव्हातून वाट ब्रेन्निस्टेन्सआल्दा शिखराकडे चढते. वाटेत काचेसारखे चकाकणारे काळे दगड पडलेले. ती ज्वालामुखीची काच, लाव्हा झपाट्याने निवल्यामुळे स्फटिक बनायला वेळच न मिळालेली. एक खडा हातात घेऊन पाहिला. कड इतकी धारदार की बोट जपून फिरवावं लागलं. पुन्हा होता तिथेच ठेवला, कारण इथून काही उचलून न्यायचं नाही. शिखर ८५५ मीटरचं. त्याच्या एका कुशीतून गंधकाची वाफ फुसफुसत होती, दुसऱ्या कुशीला लोहामुळे तांबडं कातडं, पायथ्याला शेवाळं, समोर निळाकाळा ब्लाउह्नूकुर. चित्रकाराने एवढे रंग एका कागदावर वापरले असते तर भडक वाटलं असतं. मी एका दगडावर बसून राहिले. ताईने डबा उघडला, तिळाची चटणी आणि तिथली राय या धान्याची काळी पोळी. गार वाऱ्यात त्या जेवणाला विलक्षण चव आली.

इथूनच ५५ किलोमीटरची लॉयगावेगुर ही पायवाट थोर्समर्कला जाते. पहिला मुक्काम ह्राप्न्तिन्नुस्केर, साधारण बारा किलोमीटर. त्या वाटेवर एका तरुण परदेशी प्रवाशाची स्मृतिशिळा आहे. २००४ च्या जूनअखेरीस, ऐन उन्हाळ्यात, तो बर्फाच्या वादळात सापडला आणि निवाऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर दगावला. इथल्या निवाऱ्याची राखण करणारा मुलगा प्रत्येकाला हे सांगतो आणि मग नकाशा आहे का, रेनकोटाच्या आत लोकर आहे का, ते विचारतो. उन्हाळ्यात अंधार पडतच नाही. त्यामुळे वेळ भरपूर आहे असं वाटून लोक संध्याकाळी चढायला निघतात. शरीर मात्र घड्याळाप्रमाणेच थकतं. आम्ही चारच्या आत खाली परतलो.

मग पाणी. लाव्हाच्या काळ्या भिंतीखालून एक कढत झरा येतो, दुसरीकडून थंड ओढा, आणि दोन्ही मिसळतात तिथे गवताळ काठाचं, कंबरभर पाणी. लाकडी फळ्यांवरून थरथरत गेलो, कपडे कठड्यावर टाकले आणि उतरलो. तळाची खडी गरम. एका हाताच्या अंतरात पाणी कोमट, कढत, पुन्हा गार. भिंतीच्या जवळ सरकावं तसं अंगाला झेपेनासं होतं, मग मागे यायचं. पूर्वी शरद ऋतूत डोंगरातून मेंढ्या हाकून आणणारे गावकरी इथे थकलेलं अंग शेकत असत. बदकांमुळे उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यात कधी कधी खाज आणणाऱ्या सूक्ष्म अळ्या होतात, म्हणून फलक आधी वाचायचा. त्या दिवशी तसं काही नव्हतं. ताई, जिचे गुडघे गेली काही वर्षं तिला छळतात, ती डोळे मिटून इतकी स्वस्थ बसली होती की तिला हाक मारायचं धाडस आम्हाला होईना.

शेजारी बसलेला दाढीवाला गृहस्थ शाळेत गणित शिकवतो, आणि त्या आठवड्यात बचाव पथकाच्या गस्तीवर आला होता. आइसलँडची ही पथकं स्वयंसेवकांची. नळ दुरुस्त करणारे, परिचारिका, शेतकरी, विद्यार्थी. पगार नाही. उन्हाळ्यात ही मंडळी आपली सुट्टी खर्च करून उंच प्रदेशात येऊन राहतात, म्हणजे कुणाची गाडी नदीत अडकली तर राजधानीहून मदत येण्याची वाट बघावी लागू नये. पैशाचा मोठा वाटा वर्षअखेरीला फटाके विकून उभा राहतो. बरेच लोक फटाके त्यांच्याकडूनच घेतात, कारण उद्या वादळात आपल्याला शोधायला तेच येणार आहेत. मी विचारलं, बेफिकीर प्रवाशांचा राग येत नाही? तो म्हणाला, “वादळात सापडलेल्या माणसाला आधी गरम करायचं असतं.”

आमचा पुढचा बेत दक्षिणेच्या वाटेने, एल्द्ग्याच्या दरीजवळून उतरण्याचा होता. त्या वाटेवर नद्या बऱ्याच. त्याने विचारलं, गाडी कोणती? सांगितल्यावर मान हलवली. वरच्या बाजूला रात्री पाऊस आहे, म्हणाला, आलात त्याच उत्तरेच्या रस्त्याने परत जा. भावोजी उत्साहाने काही बोलणार, तोवर ताईने पाण्यातूनच “ठरलं, उत्तरेने” म्हणून टाकलं. संध्याकाळी तिने नोंदवलेल्या बेतातला मार्ग बदलला, एल्द्ग्याजवळचं आरक्षण सोडलं आणि हिरवं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, वारा सहा मीटरवर असताना, आम्ही साकव ओलांडून गाडीपाशी आलो, तोंड वाऱ्याकडे आहे ना ते पाहिलं, आणि दोन्ही हातांनी दार उघडलं.