खाशाबांच्या नावाच्या सभागृहात

२६ मार्च २०२३, रविवार

मुष्टियोद्धा निखत झरीन जिंकली. अजून हात थरथरताहेत.

लढत झाली त्या दिल्लीच्या सभागृहाला कुस्तीगीर खाशाबा जाधवांचं नाव आहे. आम्हा कराडकरांना ते नाव ऐकलं की १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक आठवतं, त्यांचं गाव गोळेश्वर आठवतं. आज तिथे निजामाबादची मुलगी आपलं जगज्जेतेपद राखायला उतरली होती. समोर व्हिएतनामची न्गुएन थी ताम, आशियाई विजेती.

मागच्या वर्षी इस्तंबूलला निखत ५२ किलोत जिंकली. पण पॅरिस ऑलिंपिकला तो वजनगटच नाही, म्हणून ५० किलो. दोन किलो म्हणजे काय, असं आपल्याला वाटतं. पण जिच्या अंगावर मुळातच चरबी नाही, तिने ते कुठून काढायचे? घास मोजायचे, तहान मारायची आणि तरीही ठोशातली ताकद राखायची. मला तिच्या पदकाइतकंच या उपाशी दिवसांचं मोल वाटतं.

आणि घरचं मैदान! परक्या देशात हरलं तर निदान रडायला आडोसा असतो. इथे हजारो माणसं आपलंच नाव घेत असतात; तो आवाज बळ देतो, तसा खांद्यावर बसतोही. ती मात्र पाय हलते ठेवून, अंतर राखून खेळत राहिली. तीन फेऱ्या संपल्या आणि पाचही पंचांचा कौल तिच्या बाजूने, ५-०.

पंचांनी तिचा हात वर केला तेव्हा आई देवघरातून धावत आली. तिने टीव्हीवरच्या निखतवरून बोटं ओवाळली आणि कानशिलावर कडाकडा मोडली.