कललेले सरळ करताना

वेबसाइटचे नवे रूप लोकांसमोर आले की पहिल्या दिवशीची तक्रार बहुधा चुकांबद्दल नसते. 'आधीचं बरं होतं' एवढेच तिचे म्हणणे असते. आधीचे बरे नव्हते हे तक्रार करणाऱ्यालाही ठाऊक असते. गेल्याच महिन्यात तो जुन्या साइटच्या नावाने बोटे मोडत होता. अक्षरे मुंगीएवढी, मोबाइलवर पान अर्धे कापलेले, 'नवीन' म्हणून लुकलुकणारी सूचना चार वर्षांपूर्वीची. पण त्या गैरसोयी त्याच्या अंगवळणी पडल्या होत्या, आणि अंगवळणी पडलेल्या गैरसोयीला कुणी गैरसोय म्हणत नाही. नूतनीकरण करणाऱ्यांचा निम्मा मनस्ताप इथून उगवतो. दोष काढायला म्हणून ते जातात आणि लोकांची सवय मोडून येतात.

कुंभकोणमहून चेन्नईकडे जाणाऱ्या रस्त्यावर तंजावर जिल्ह्यातच तिरुप्पनंदाळ लागते. तिथल्या अरुणजटेश्वराची कथा अशा कामाच्या पहिल्या बैठकीत सांगावी अशी आहे. ताटकै नावाची एक भक्त रोज देवाला हार घालत असे. एके दिवशी दोन्ही हातांत हार असताना तिचे वस्त्र सुटू लागले. हात वर करावेत तर वस्त्र गळते, वस्त्र सावरावे तर हार पडतो. तिने कोपरांनी वस्त्र दाबून धरले आणि तशीच उभी राहिली. तेव्हा देवच झुकला. हार घालून झाला, पण लिंग कललेलेच राहिले. पुढे चोळ राजाला ते कललेले लिंग खटकू लागले. त्याने दोर लावले, हत्ती जुंपले. लिंग तसूभर हलले नाही. मग तिरुक्कडवूरहून कुंगिलियक्कलय नायनार आले. घरात दाणा नसताना पत्नीने धान्यासाठी काढून दिलेल्या मंगळसूत्राचाही देवाच्या धुपासाठी गुग्गुळ आणणारा हा माणूस. त्यांनी दोराचे टोक स्वतःच्या गळ्याला बांधून ओढले आणि लिंग सरळ झाले. बाराव्या शतकात सेक्किळारने पेरियपुराणात नायनारांची ही हकिकत सविस्तर सांगितली आहे.

जुन्या वेबसाइटमधला बाकही असाच कुणासाठी तरी आलेला असतो. पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, विनाकारण वाटणारी एक लिंक असते. एखाद्या कार्यालयातला लिपिक दिवसातून दहा वेळा तीच उघडतो, कारण तिच्यामागे २० वर्षांचे आदेश एका यादीत आहेत. नव्या आराखड्यात ती अडगळ ठरते आणि जाते. ती कुणी, कधी, कशासाठी ठेवली होती याची नोंद नसते. ज्याने ठेवली तो बदली होऊन गेलेला असतो. राजाकडे हत्तींची वाण नव्हती, तशी इथेही निविदा, सल्लागार, रंगीत आराखडे यांची वाण नसते. फक्त ओढणाऱ्यांपैकी कुणालाच त्या पानावर स्वतःचा अर्ज भरायचा नसतो.

आराखडा मंजूर झाला की मजकुराची पाळी येते, आणि काम अडते ते इथेच. नव्या घराची चित्रे महिन्याभरात तयार होतात; जुन्या घरातले सामान कोण बांधणार हे कुणी ठरवलेले नसते. हजारो पाने जुन्या साठ्यातून नव्यात न्यायची असतात आणि त्यांतली बरीचशी युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेली असतात. मराठी वाचकाने हा प्रकार जवळून पाहिला आहे. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवली जाई. युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रूपांतर करणारा प्रोग्राम थोडा चुकला की वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. 'तऱ्हा' आणि 'सुऱ्या' यांतला अर्धा र तर हमखास घात करतो. तमिळमध्ये अडचण आणखी मोठी आहे. तिथे एकाराच्या खुणा अक्षराच्या डावीकडे येतात, तर ओकाराची खूण दोन तुकड्यांत, अक्षराच्या दोन्ही बाजूंना. त्यात प्रत्येक फाँटचा सांकेतिक तक्ता वेगळा. १९९९ मध्ये चेन्नईच्या तमिळनेट परिषदेनंतर राज्य शासनाने टॅम आणि टॅब हे तक्ते प्रमाण मानले आणि २०१० मध्ये युनिकोडला मान्यता दिली. मधल्या ११ वर्षांतला सरकारी मजकूर या दोन काठांच्या मध्ये उभा होता.

१९९८ च्या पोंगलला सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट मदुरै'नेही हा प्रवास केला. जुने तमिळ ग्रंथ स्वयंसेवकांनी टंकून सर्वांना मोफत द्यावेत असा तो उपक्रम. त्याचे ग्रंथ आधी खासगी फाँटांत, मग टिस्की नावाच्या तक्त्यात आणि शेवटी युनिकोडात गेले. त्यांत कुमरगुरुपरांच्या रचनाही आहेत. सतराव्या शतकात काशीला जाऊन मठ स्थापन करणारे हे संत-कवी, आणि त्यांच्या परंपरेचा काशी मठ आज तिरुप्पनंदाळात आहे. तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते त्या काळात, अठराव्या शतकात, तो गंगेकाठाहून कावेरीच्या मुलखात आला. मठाला स्थलांतर जमले. त्याच्या कवीच्या अक्षरांना मात्र पुढे तीनदा सामान बांधावे लागले.

खरे तर मजकूर एका माध्यमातून दुसऱ्यात नेताना होणारा छळ या परिसराला जुनाच आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर १८८० पासून कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवत होते. तिथे असतानाच त्यांनी ताडपत्रांवरून 'जीवकचिंतामणी' संपादित केले. १८८७ मध्ये ते छापून आले. ताडपत्रावर लेखणीने टिंब टोचले तर पान फाटायचे, म्हणून लेखक टिंबे गाळत. मग अक्षर हलन्त आहे की पूर्ण, एकार ऱ्हस्व की दीर्घ, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. छापताना मात्र प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागे, आणि तो यंत्र घेत नव्हते. आजही रूपांतराचा प्रोग्राम शंभरातली बहुतेक अक्षरे बिनचूक नेतो; उरलेल्यांसाठी भाषा येणारा माणूस खुर्चीत बसवावा लागतो. अंदाजपत्रकात त्या खुर्चीसाठी रक्कम धरलेली नसते.

मजकुरानंतर नावांचे पेच येतात. तिरुप्पनंदाळ हे एकच नाव रोमन लिपीत कुठे 'टी'ने तर कुठे 'टीएच'ने सुरू होते. मधला 'प' कुठे एक, कुठे दोन. शेवटी 'नंदाळ' किंवा 'नंताळ'. जुन्या साइटवर लोक यादीतून गाव निवडत. नव्या साइटवर यादी जाऊन शोधपेटी आली, की यांतले एकच स्पेलिंग तिला कळते आणि बाकीच्यांना 'असे गाव सापडले नाही' हे उत्तर मिळते. गाव पूर्वी होते तिथेच असते.

माणसांच्या नावांची गत याहून वाईट. तमिळ रिवाजात आडनाव नसते. वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचे आद्याक्षर पुढे लागते. नव्या फॉर्मवर मात्र आडनावाच्या रकान्यापुढे लाल चांदणी असते, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढचे बटण दाबले जात नाही. एका ओळखपत्रावर नुसते आद्याक्षर, दुसऱ्यावर वडिलांचे पूर्ण नाव, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून अर्ज परत. तंजावरी मराठी माणसेही यातून सुटत नाहीत. बडोद्याच्या इतिहासातून मराठी वाचकाला ओळखीचे असलेले दिवाण सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले, आणि त्यांच्या नावातला 'टी' म्हणजे तंजावर. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशी तीन संस्थाने ज्याने चालवली, त्या माणसाला आजच्या एखाद्या फॉर्मने आडनावापाशी अडवून ठेवले असते.

पत्त्यांचा गोंधळ दिसत नाही, म्हणून जास्त भोवतो. वेब निर्माण करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले होते की चांगल्या पानाचा पत्ता बदलू नये. जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्याकडे पाठवण्याची सोय तंत्रात आहे. तिच्यासाठी प्रत्येक जुन्या पानासमोर नवे पान लिहून यादी करावी लागते, एवढेच. ही यादी कंटाळवाणी असते. ती कुणाच्या सादरीकरणात दिसत नाही आणि उद्घाटनाला तिचा फोटो निघत नाही, म्हणून ती राहून जाते. मग पुस्तकांच्या तळटीपांत, परिपत्रकांत, लग्नाआधी कुणीतरी जपून ठेवलेल्या निकालाच्या लिंकमध्ये '४०४' उगवू लागतो.

उद्घाटनाचा दिवस म्हटला की भारतात २०२१ सालच्या आयकर पोर्टलचे उदाहरण टाळता येत नाही. १ ते ६ जून या काळात जुने पोर्टल बंद ठेवले गेले आणि ७ जूनच्या रात्री नवे खुले झाले, तेही नव्या पत्त्यावर. विवरणपत्रावर प्रक्रिया करण्याचा सरासरी वेळ ६३ दिवसांवरून एका दिवसावर आणण्याचे उद्दिष्ट या प्रकल्पापुढे होते, त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये सुमारे ४,२४२ कोटी रुपये मंजूर केले होते आणि काम इन्फोसिसकडे होते. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. ओटीपी येईना, डिजिटल सही नोंदवली जाईना, आधीच्या वर्षांची विवरणपत्रे दिसेनात. परदेशी पैसे पाठवताना लागणारे १५-सीए आणि १५-सीबी हे फॉर्म काही आठवडे बँकांकडे कागदावर देण्याची मुभा द्यावी लागली. डिजिटल क्रांतीला कार्बन कॉपीने असा हात दिला.

त्यातली सर्वांत बोलकी चूक लहान होती. त्या वर्षी कोरोनामुळे विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. सॉफ्टवेअरला ते कुणी सांगितले नसावे. ३१ जुलै उलटताच काहींना विलंबशुल्क आणि जादा व्याज लागू झाले. शुल्क पाच हजारांपर्यंतचे, आणि उशीर न करता. ऑगस्टमध्ये खात्याने चूक दुरुस्त केल्याचे आणि घेतलेली रक्कम परत करण्याचे जाहीर केले. २१ ऑगस्टला तर पोर्टल पूर्ण बंद पडले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाले आणि २३ तारखेला कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्थमंत्रालयात बोलावून सर्व दोष १५ सप्टेंबरपर्यंत दूर करण्यास सांगण्यात आले. मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत गेली.

दिल्लीत या घटनेची बातमी होते. कुंभकोणमच्या पितळी भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे किंवा तिरुभुवनमच्या रेशीम विणकराकडे ती वेगळ्या रूपात पोहोचते. त्यांचा पोर्टलशी थेट संबंध नसतो. मध्ये ऑडिटर असतो, किंवा तमिळनाडूत गावोगावी असलेले ई-सेवै केंद्र. अशा केंद्रात संगणकामागच्या भिंतीवर कागद चिकटवलेले असतात: पडद्याचे छापलेले चित्र, त्यावर निळ्या पेनाने काढलेले बाण, १, २, ३ असे आकडे आणि समासात तमिळमध्ये 'इथे दोनदा दाबायचे'. दोनदा का, हे जुनी साइट बनवणाऱ्यालाही सांगता आले नसते. ऑपरेटर तो कागद वाचतही नाही, त्याचा हात आपोआप तिकडे जातो. नवी साइट आली की हात जुन्या जागी जातो आणि तिथे आता 'मुखपृष्ठाकडे परत' असे बटण असते. अर्धा तास भरलेला फॉर्म पुसला जातो. समोरचा विणकर काही बोलत नाही, पण मागची रांग बोलते. उत्तर ऑपरेटरनेच द्यायचे असते, कारण ज्यांनी बटण हलवले ते त्या रांगेसमोर कधी उभे राहत नाहीत.

हे सगळे टाळण्याचा रस्ता अवघड नाही, फक्त खर्चाचा आहे. जुने आणि नवे काही महिने शेजारी शेजारी चालू ठेवायचे, माणसे हळूहळू नव्याकडे आणायची. तमिळ देवळांत जीर्णोद्धाराच्या काळात नेमके हेच केले जाते. मूळ मूर्तीतली शक्ती विधिपूर्वक कलशात आणि तिथून एका छोट्या तात्पुरत्या प्रतिमेत आणली जाते. तिच्या जागेला बालालयम् म्हणतात. गाभाऱ्यात गवंडी काम करतात, पण पूजेत खंड पडत नाही. कुंभाभिषेक होईपर्यंत भक्त तिथेच हात जोडतात. सरकारी साइटला असे बालालयम् क्वचित मिळते. दोन सर्व्हरांचे भाडे, दोन ठिकाणी दुरुस्त्या, दोन ठिकाणचा हिशेब जुळवणे, हे कंत्राटात लिहिलेले नसते; उद्घाटनाची तारीख मात्र लिहिलेली असते आणि ती सहसा एखाद्या मान्यवराच्या सवडीने ठरते.

यानंतरचा टप्पा निवळण्याचा, आणि त्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. पहिल्या महिन्यात तक्रारी वाढतात, दुसऱ्यात त्याच त्याच येतात, तिसऱ्यात कमी होतात. दोष सगळे गेले म्हणून नव्हे. काही गेले आणि उरलेल्यांभोवती लोकांनी वाट काढली म्हणून. भिंतीवर नवा कागद चिकटतो, निळे बाण नव्या जागी जातात, 'दोनदा दाबायचे'च्या ऐवजी 'पान लोड होईपर्यंत हात लावू नका' असे लिहिले जाते. आयकर पोर्टलवर ३१ डिसेंबर २०२१ च्या एका दिवसात ४६.११ लाख विवरणपत्रे भरली गेली आणि एकूण आकडा सुमारे ५.८९ कोटींवर पोहोचला. पुढच्या वर्षी मुदत वाढलीच नाही. ३१ जुलै २०२२ या एका दिवशी ७२ लाखांहून अधिक विवरणपत्रे त्याच पोर्टलने घेतली. तोवर ते जुने झाले होते, म्हणजे लोकांना सरावाचे झाले होते. २०२४ च्या ऑक्टोबरात खात्याने पुढच्या आवृत्तीची, आयईसी ३.० ची, तयारी सुरू केल्याचे कळवून सूचना मागवल्या.