न दिसणाऱ्या उजेडाचे सुट्टे

मागच्या ईदला आपा घरी आल्या होत्या. शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवत त्यांनी विचारलं, "पोरगी एम.एस्सी. झाली ना? आता आणखी काय शिकतेय?"

"पीएच.डी. करतेय. केमिस्ट्रीत."

"कशावर?"

मला सांगता आलं नाही. वीस वर्षं उर्दू-मराठी शिकवणारा मी, पोटच्या पोरीचा विषय मला ठाऊक नव्हता. "मग निकाहचं काय?" हा पुढचा प्रश्न आलाच. मी गप्प राहिलो. लेक दारात उभी होती, तिने माझं गप्प राहणं पाहिलं.

रात्री मीच तिच्यापाशी जाऊन बसलो. म्हटलं, "मला शिकव."

"अब्बा, कोरोनात दादीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचो, आठवतं? त्यात दोन दिवे असतात. एक तांबडा, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा ९४० च्या आसपासचा, तो डोळ्यांना दिसत नाही."

हा अवरक्त उजेड. उर्दूत आम्ही ज़ेरीं सुर्ख म्हणतो, म्हणजे लालच्या खालचा. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून आकडा निघतो. अम्मीच्या बोटावरच्या त्या आकड्याकडे पाहत मी किती रात्री जागलो होतो!

नेहमीच्या ऑक्सिमीटरमधले दिवे कडक स्फटिकाचे असतात. कार्बनी, म्हणजे सेंद्रिय रेणूंचा दिवा मात्र पातळ, वाकणाऱ्या प्लास्टिकवरही करता येतो. तो पट्टीसारखा अंगाला चिकटवता येईल. कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली असा पातळ थरांचा दिवा जगापुढे मांडला. आज कित्येक मोबाइलच्या पडद्यांत तेच तंत्र आहे. मग अवरक्तात अडचण कुठे येते?

"सुट्ट्यांची अडचण आहे," ती हसली. "पाचशेची नोट चहाच्या टपरीवर मोडत नाही, खिशात टिकते. वीसची लगेच मोडते. रेणू सतत थरथरत असतो. त्यातले कार्बन-हायड्रोजनचे बंध सगळ्यात जोरात. निळ्या उजेडाची ऊर्जा मोडायला या थरथरीचे सात-आठ तुकडे एकदम लागतात, ते सहसा जमत नाही, म्हणून उजेड बाहेर पडतो. ९०० नॅनोमीटरच्या ऊर्जेला चारच पुरतात. ती उष्णता होऊन जाते, दिवा विझल्यासारखाच."

एंगलमन आणि जॉर्टनर यांनी १९७० साली मांडलेला हाच तो ऊर्जा-अंतराचा नियम.

"मग उपाय?"

"रेणू ताठ बांधायचा, म्हणजे तो कमी हलतो. हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम बसवायचा. तो सावकाश थरथरतो, तुकडे लहान होतात आणि तेवढ्याच ऊर्जेला जास्त लागतात. किंवा प्लॅटिनम असलेले चपटे रेणू थाळ्यांसारखे एकावर एक रचायचे. ऊर्जा अनेकांत वाटली जाते, कुणा एकावर भार येत नाही. तैवानमधल्या संशोधकांनी अशी रचना वापरून २०१७ साली ७४० नॅनोमीटरवर सुमारे २४ टक्के कार्यक्षमता दाखवली. त्याच्या पलीकडे, ९०० च्या पुढे गेलं की आकडे झपाट्याने घसरतात. माझं काम तिथलं."

रेणू ती कागदावर काढत होती. षट्कोनाला षट्कोन जोडत, एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा. तिचा हात थांबत नव्हता. मला सगळं कळलं असं नाही, पण हे अर्ध्यात सोडवायचं नसतं एवढं नक्की कळलं.

सकाळी मी आपांना फोन लावला. विषय सांगितला, पाचशेच्या नोटेसकट. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "आणि निकाह?"

या वेळी मी गप्प राहिलो नाही. "आपा, तिचं काम आधी पुरं होऊ द्या. मग ती सांगेल तेव्हा."