चेन किती ताणावी?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोटारसायकल म्हणजे घरातला एक कमावता माणूस. शाळा, दवाखाना, आठवडी बाजार, नातेवाइकांची लग्ने, सगळा भार तिच्याच पाठीवर. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. पावसाळ्यात धानपट्ट्यातला चिखल आणि उन्हाळ्यात मुरमाची लाल धूळ चेनवर कशी बसते, हे रोज पाहतो. तेलात धूळ मिसळली की ती कानशीसारखी चेन झिजवते. चेन उतरून चाकात अडकली तर मागचे चाक जाम होते आणि गाडी पडते. ती वाचली तरी वाघाच्या मुलखात, दिवस कलल्यावर, बायकामुलांना उभे करून पाना चालवण्यासारखी ती जागा नव्हे.

म्हणून महिन्यातून एकदा आमच्या अंगणात गाडी मेन स्टँडवर चढते. इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये, हा पहिला नियम. इंजिन चालू ठेवून चेनला तेल लावताना बोटे दातांत सापडतात. मुले जवळ असतील तर किल्लीच काढून घ्यावी.

चेन जितकी ताठ तितकी गाडी जोरात ओढते, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. खड्ड्यात चाक वर-खाली होते, तेव्हा पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्रांमधले अंतर कमी-जास्त होते. त्यासाठी चेनला थोडी मोकळीक लागते. ती नसेल तर चेन आणि बेअरिंग दोन्ही लवकर जातात. चेनच्या खालच्या बाजूला, मधोमध, बोटाने वर-खाली करून पाहावे. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर हालचाल सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक हळूहळू फिरवून ती सर्वांत ताठ जिथे लागते, तिथे मोजावे.

आता चाक सरळ ठेवण्याचे काम. मागच्या आसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवावेत. डावीकडे एक फेरा, तर उजवीकडेही एकच. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत. एक बाजू पुढे राहिली तर चाक तिरपे बसते, चेन दातांना एका अंगाने घासते आणि गाडी एका बाजूला ओढते. खात्री हवी तर मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सुतळी टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताणावी. हँडल सरळ असताना पुढच्या टायरच्या दोन्हीकडे सारखीच फट दिसायला हवी. ज्यांनी धानाच्या गिरणीचा पट्टा पाहिला आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. दोन चाके एका रेषेत नसली की पट्टा सरकत सरकत बाहेर येतो. काही विजेच्या गाड्यांना मागे दातेरी रबरी पट्टा असतो. त्यालाही हीच रेष आणि योग्य ताण लागतो. फक्त त्याला तेल लावू नये, आणि त्यात खडा अडकला नाही ना, ते पाहावे.

नट घट्ट केला की ताण पुन्हा मोजावा. चेनला क्लिपची कडी असेल, तर क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. यानंतरचे काम बरेच जण विसरतात. चाक मागे सरकले की ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो, म्हणून मागचा ब्रेकही नव्याने लावून घ्यावा. नाहीतर तो सतत घासत राहतो.

मागे बसणाऱ्यांचाही विचार हवा. बुरखा, ओढणी, साडी चाकात गुंतू नये म्हणून मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारी जाळी असावी, असे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. ‘गाडी देखणी दिसते’ म्हणून ती जाळी किंवा चेनचे कव्हर काढून टाकणाऱ्या तरुणांना घरच्यांनीच टोकावे.

हे काम मुलींनाही शिकवावे. आता त्याही गाडी चालवतात. आणि चेन लावल्यावर पहिली फेरी एकट्याने, सावकाश, गल्लीतच मारावी. ब्रेक तपासून, आवाज ऐकून मगच घरच्यांना मागे बसवावे.