काटे आणि कुळे

सोलापुरातून कोणत्याही दिशेने दहा-बारा किलोमीटर बाहेर पडले की जी वनस्पती भेटते, तिचे वर्णन आपण बहुधा दोन शब्दांत उरकतो : काटेरी झुडुपे. सरकारी दप्तरात या जमिनीला ‘पडीक’ म्हणतात, कथा-कादंबऱ्यांत ‘उजाड माळ’. वर्षाला सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. तेव्हा बाभूळ, बोर आणि हिंगण एकमेकांसारखी दिसावीत यात नवल नाही. पाने लहान, अंगभर काटे, वाढ खुरटी. लांबून पाहणाऱ्याला तिघे सख्खे भाऊ वाटतात.

माझा विषय मराठी साहित्य. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर नान्नजच्या बाजूला अनेक वर्षे रविवारी सकाळी चालत गेलो, त्यातून जे थोडेफार पाहायला शिकलो तेवढेच भांडवल. त्यांनी पहिल्यांदा शिकवले ते काटा पाहणे. बाभळीचे काटे जोडीने येतात आणि पानाच्या बुडाशी असतात. ती पानाची उपपर्णे, म्हणजे देठाशी असणारी दोन चिमुकली पाने. तीच काटा झालेली. बोरीचे काटेही उपपर्णांचेच, पण जोडीतला एक बहुधा सरळ आणि दुसरा आकडीसारखा वळलेला. बोरीच्या काट्यातून सदरा का सुटत नाही, याचा उलगडा तिथे होतो. हिंगणाचा काटा मात्र पानाच्या बगलेतून निघतो. ती खुंटलेली फांदी आहे. आणि शेताच्या बांधावरच्या फड्या निवडुंगाचा काटा म्हणजे रूप बदललेले पानच. टोचण्याचे काम एक, जन्म वेगवेगळे. ही चार झाडे चार निरनिराळ्या कुळांतली आहेत.

म्हणजे त्यांच्यातले साम्य नात्याचे नव्हे, दुष्काळाचे आहे. ऊन, वारा आणि चरणारी जनावरे यांना तोंड देता देता परक्यांची तोंडवळणे सारखी झाली. मग नाते शोधायचे कुठे? सहकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असे : ‘फूल येईपर्यंत थांबा.’ पान आणि खोड हवामानाशी रोज झगडतात, म्हणून लवकर बदलतात. फुलाची रचना त्या मानाने जुने वळण धरून राहते. पाकळ्या किती, सुट्या की जोडलेल्या, पुंकेसर कशाला चिकटलेले, बीजकोश पाकळ्यांच्या वर की खाली, हे प्रश्न म्हणून महत्त्वाचे. रंग आणि गंध, ज्यांच्यावर आपली सारी पुष्पकविता उभी आहे, ते या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरतात, हे पचायला मला वेळ लागला.

नेपतीचे झुडूप घ्या. पानांचा जवळपास पत्ताच नाही. हिरव्या काटक्यांचा गुंता आणि काटे. याच्या उलट वायवर्णा : नदीकाठी वाढणारा, त्रिदळी पानांचा, डेरेदार, बिनकाट्यांचा वृक्ष. यांचा परस्परांशी संबंध असेल असे स्वप्नातही येणार नाही. पण दोघांची फुले शेजारी ठेवावीत. चार पाकळ्या, बाहेर झेपावलेले लांब केसर, आणि मुख्य म्हणजे बीजकोश फुलाच्या तळाशी नाही. तो एका लांब, सडपातळ देठावर अधांतरी उचलून धरलेला. हा देठ दिसला की दोघे एकाच वरुण कुलातले, हे कळते. पाहणाऱ्याने फक्त काट्यांना आणि पानांना काही काळ बाजूला ठेवायला हवे.

काही कुळांच्या बाबतीत लोकभाषेने हे काम आधीच करून ठेवले आहे. पळसाचे फूल पाहावे : एक पाकळी ध्वजासारखी उभी, दोन पंखांसारख्या बाजूला, उरलेल्या दोन जुळून नावेसारख्या. तूर आणि हरभऱ्याच्या इवल्या फुलातही हाच आराखडा. तरवडाचे पिवळे फूल मात्र उघडे, पाच पाकळ्यांचे, आत लहानमोठे केसर. बाभळीचे तर पिवळे गोंडे. पाकळ्या शोधाव्याच लागतात, दिसतात ते केसरच. तिन्ही फुले तीन तऱ्हांची, तरी शास्त्राने त्यांना एका शिंबावंत कुलात बसवले आणि पलाश, शिरीष अशी उपकुले पाडली. आमच्याकडच्या शेतकऱ्याला याचे काहीच वाटत नाही. तिघांनाही तो जे धरते त्याला ‘शेंग’च म्हणतो.

एकदांडीबद्दल मात्र लोकभाषा आणि कविता दोघी फसतात. रस्त्याच्या कडेला, अगदी विद्यापीठाच्या कुंपणाशीही, वीतभर उंच दांडीवर फिकट पाकळ्यांचे आणि पिवळ्या मध्याचे हे फूल बारमाही दिसते. भिंगाखाली धरले की कळते, हे एक फूल नाहीच. मधला पिवळा भाग म्हणजे दाटीवाटीने बसलेली कितीतरी नळीदार फुले, आणि जिला आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक पाकळी स्वतःच एक पुरे फूल. तिच्या टोकाला बारीक तीन दात असतात. करडई, झेंडू, शेवंती, सगळ्यांची हीच रीत. शेवंतीची एक पाकळी गळली असे लिहिणारा कवी एक अख्खे फूल गळल्याची नोंद करत असतो. (याने कवितेचे काही बिघडत नाही. पण शेवंतीकडे मला पूर्वीसारखे पाहता येत नाही.)

या ओळखीच्या खुणांना शास्त्रात ‘लक्षणे’ म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द परका नाही, आणि लक्षणाचे दोषही परके नाहीत. पंढरीच्या वाटेवर डोक्यावरून जाणाऱ्या तुळशीची काडी दोन बोटांत धरून फिरवली तर ती चौकोनी लागते. चौकोनी खोड, समोरासमोर पाने, ओठांसारखे दुभंगलेले फूल : हे तुळशीच्या कुळाचे लक्षण. पण एवढ्यावर थांबलो तर अतिव्याप्ती होते, कारण घाणेरीची फांदीही चौकोनी आणि पानेही समोरासमोर. म्हणून फळापर्यंत जावे लागते. तुळशीच्या वाळक्या फुलाच्या पेल्यात चार सुटे दाणे सापडतात; घाणेरीला काळी, रसाळ फळे धरतात. चिकाचेही तसेच. रुईला चीक, कण्हेरीला चीक आणि शेरालाही चीक; पण शेर एरंडाच्या कुळातला. एका लक्षणावर निकाल देणारा माणूस माळावर फार काळ टिकत नाही.

एकदा काही विद्यार्थी आमच्याबरोबर आले होते. सहकारी म्हणाले, ‘आज आपण कुळे ओळखायला शिकू.’ त्यावर एक विद्यार्थी शांतपणे म्हणाला, ‘सर, म्हणजे झाडालाही आडनाव विचारायचं का?’ कुणी हसले नाही. नव्या गावात खोली भाड्याने घेताना पहिला प्रश्न कोणता येतो आणि तो कशासाठी येतो, हे त्याला माहीत होते. कुल हा शब्द आपल्या समाजात कधीच निरागस नव्हता. वनस्पतिशास्त्राची मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी तो कुलशील, कुलीन या शब्दांच्या पंगतीतून उचलला आणि त्याला लागलेला वास पुसण्याचे काम आपल्यावर सोडले. सहकाऱ्यांनी त्या मुलाला व्याख्यान दिले नाही. तरवडाचे एक फूल आणि भिंग हातात देऊन म्हणाले, ‘मी सांगतो म्हणून मानू नकोस. केसर मोज, आणि पटलं नाही तर तसं सांग.’ झाडाचे कूळ हा एक दावा असतो आणि तो प्रत्येक फुलापाशी नव्याने सिद्ध करावा लागतो. तिथे वरचे-खालचे कूळ नाही, आणि दावा खोडण्याचा अधिकार भिंग असलेल्या कुणालाही आहे. एवढ्याने त्या प्रश्नाची धार गेली असे मी म्हणणार नाही. पण तो मुलगा पुढे अर्धा तास केसर मोजत होता.

हे सगळे वर्गात माझ्यामागे येते. आम्ही साहित्यकृतींची कुळे लावतो ती बहुतेक वेळा काट्यांवरून. दुष्काळ आला, धनगर आले, बोली आली की कृती ‘ग्रामीण’ या फळीवर. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) तिथेच ठेवली जाते, आणि विषय पाहता ते चूकही नाही. पण तिचे फूल उघडून पाहावे. बाहेरून नोकरीसाठी आलेला, काहीसा एकटा निवेदक. सैलपणे जोडलेले प्रसंग आणि माणसे. खरे नायकपण ठिकाणाकडे. आणि शेवटी ते ठिकाणच निवेदकाच्या डोळ्यांदेखत ओसरून जाणे. हीच रचना बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘आरण्यक’मध्ये (१९३९) आहे. तिथे माणदेशाचा माळ नाही, बिहारमधले घनदाट अरण्य आहे. आणि ते दुष्काळाने नव्हे, निवेदकाच्याच हातून होणाऱ्या जमीनवाटपाने नाहीसे होते. एक नेपती, दुसरा वायवर्णा. एकाने दुसऱ्याकडून काही घेतले असा माझा दावा नाही. अंगावर काटे आहेत की पाने, याच्या अलीकडे जाऊन पाहिल्यावर रचना जुळते, एवढेच. ‘दुष्काळी साहित्य’ अशी फळी लावणाऱ्याला हे नाते कधी दिसणार नाही, कारण तो आभाळाने दिलेले साम्य मोजतो आहे.

फुलाची साक्षही अखेरची नव्हे, हे मात्र सांगायला हवे. बेंथॅम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात रचलेली पद्धत आपल्या महाविद्यालयांत शतकभर शिकवली गेली. तिचा सारा भर दिसणाऱ्या लक्षणांवर. १९९८मध्ये जनुकांच्या आधारे नवी मांडणी पुढे आली आणि पुढील काळात अनेक कुळे मोडली, जुळली. रुईचे स्वतंत्र कूळ कण्हेरीच्या कुळात विलीन झाले. चिकाने आणि जोडफळांनी ते आधीच सुचवले होते. साग घाणेरीच्या कुळातून उठून तुळशीच्या कुळात आला. हे ऐकल्यावर मी सागाची कोवळी फांदी मुद्दाम हातात घेऊन पाहिली. ती चौकोनी असते.

सहकारी निवृत्त झाले तेव्हा विभागातल्या शुष्क वनस्पतिसंग्रहाची कपाटे त्यांनी मला उघडून दाखवली. जुन्या कागदावर टाचलेली सागाची फांदी होती, खाली शाईतल्या अक्षरांत पूर्वीचे कूळ. नवे कूळ लिहिलेली छोटी चिठ्ठी तिच्या शेजारी डकवलेली, तारीख आणि सही घालून. जुने अक्षर खोडलेले नव्हते. मी विचारले, तर म्हणाले, खोडायचे नसते. कुणी काय पाहून तसे ठरवले होते, ते पुढच्याला कळले पाहिजे. त्या कागदावर तिसऱ्या चिठ्ठीपुरती जागा मोकळी होती.