तालीम आणि पिंजरा

देवळाशेजारी तालीम असावी ही आपल्याकडची जुनी रीत. गाभाऱ्यात मारुतीला शेंदूर चढावा आणि मागच्या हौद्यात तेल, ताक, हळद घालून माती मळली जावी, ही दोन्ही कामे एकाच भावनेने होत आली. देह हे देवाने सोपविलेले धन आहे. ते राखणे आणि वाढविणे हीही उपासनाच, असा त्यामागील विचार. पोटासाठी माणसे जिकडे गेली तिकडे ही रीतही त्यांच्याबरोबर गेली.

सुरतेच्या आग्नेयेस असलेली डिंडोली ही अशा माणसांचीच वस्ती. जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून तापीखोऱ्याच्या रेल्वेने उधन्यास उतरलेली असंख्य कुटुंबे ह्या भागात स्थिरावली. दिवसपाळी, रातपाळी चालणारे यंत्रमाग हा त्यांचा आधार. त्यांच्या घरी अहिराणी, आमच्या घरी कोकणी आणि बाजारात गुजराती. परंतु ह्या शेजाराने आम्हांस कधी परके मानले नाही. म्हणूनच शेजारच्या बाई एके दिवशी निःसंकोचपणे येऊन म्हणाल्या, “भाऊ, मना पोऱ्याले जरा समजाडा.”

मुलगा एकोणीस वर्षांचा. वडील नाहीत. रात्री मागावर काम करावे आणि पहाटे देवळामागील आखाड्यात उतरावे, हा त्याचा क्रम. आता त्याला मुंबईस जाऊन एमएमए शिकावयाचे होते. जाळीच्या पिंजऱ्यात ठोसा, लाथ, पकड आणि डाव हे सर्व ज्यात चालते, तो हा खेळ. त्यासाठी आईच्या पाटल्या मोडाव्या लागणार होत्या. मी विचारता तो शांतपणे म्हणाला, “काका, मातीत जिंकलो तर नारळ आणि फेटा मिळतो. फेट्यावर घरभाडे भागत नाही.”

त्याच्या मनात भरला होता तो आफ्रिकेतील कॅमेरूनचा फ्रान्सिस एन्गानू. लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला हा मनुष्य सहारा ओलांडून, समुद्रावर जीव धोक्यात घालून युरोपात पोहोचला. २०१३ साली पॅरिसमध्ये त्याला झोपावयास घर नव्हते. २०२१ च्या मार्चमध्ये तो यूएफसी ह्या अमेरिकन संस्थेचा सर्वांत वरच्या वजनी गटातील विजेता झाला. त्या वेळी नायजेरियात जन्मलेले कमारू उस्मान आणि इस्राएल अदेसान्या हेही आपापल्या गटाचे विजेते होते. दक्षिण आफ्रिकेत तर ह्या खेळाची स्वतंत्र संस्था २००९ पासून सामने भरवीत आली असून, तिच्यातूनच पुढे आलेला ड्रिकस डू प्लेसिस २०२४ मध्ये यूएफसीचा विजेता ठरला.

ही लाट केवळ परदेशी पैशाने उठलेली नाही. सेनेगालमध्ये ‘लांब’ नावाची कुस्ती आपल्या जत्रेतील कुस्तीसारखीच लोकांच्या जिव्हाळ्याची आहे. वाळूत, ढोलांच्या गजरात, गंडेताईत बांधून मल्ल उतरतात, आणि तिच्या एका प्रकारात ठोसेही चालतात. त्या वाळूत घडलेला उमर केन २०२४ च्या नोव्हेंबरात पिंजऱ्यातील जगज्जेता झाला. उत्तर नायजेरियातील हौसा लोकांचा ‘दांबे’ हा मुष्टियुद्धाचा खेळही असाच जुना. बीज गावचे, बाजार मात्र जगाचा, असे हे चित्र आहे.

आपल्यातील कित्येकांस हा खेळ रानटी वाटतो. मात्र तसे म्हणताना गुजरातच्याच ज्येष्ठीमल्लांचे स्मरण ठेवावे. मोढेऱ्याशी नाते सांगणारे, निंबजा देवीचे हे उपासक बडोद्याच्या गायकवाडांच्या आणि म्हैसूरच्या दरबारांत वज्रमुष्टी खेळत. मुठीत शिंगाचे काटेरी आयुध, आणि रक्त निघेपर्यंत झुंज! उलट आजच्या पिंजऱ्यात पंच आहे, वैद्य आहे, ठरलेल्या वेळेच्या फेऱ्या आहेत. शिवाय सापडलेल्या मल्लाने हाताने थापटले की झुंज तत्क्षणी थांबते. हार स्वतः मान्य करण्याची ही मुभा मला तरी रानटी वाटत नाही.

तथापि एक भेद झाकता येत नाही. आपल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ लावावयाची असते. येथे त्याच्या मस्तकावर आघात करणे हाही जिंकण्याचा मार्ग आहे. अशा आघातांचा परिणाम मेंदूवर साचत जातो आणि पुष्कळदा वर्षांनंतर दिसतो, हे वैद्यकाने दाखविले आहे. शिवाय एन्गानू एक होतो. त्या वाटेवर मागे राहणाऱ्यांची नावे कोणाच्या मोबाइलवर येत नाहीत. महाराष्ट्राचा भरत खंदारे २०१७ साली यूएफसीत उतरणारा पहिला भारतीय ठरला, पण शांघायमधील त्या पहिल्याच झुंजीत त्याला हार पत्करावी लागली.

मी मुलास हे सर्व सांगितले, आणि इतकेच म्हटले की पाटल्या मोडू नकोस. दोन वर्षे गादीवरची कुस्ती पक्की कर, बारावीची परीक्षा दे, आणि मेंदूच्या तपासणीवाचून कोणत्याही झुंजीस उभा राहू नकोस. त्याने ऐकून घेतले. मग विचारले, “दोन वर्षांचे दूध-बदाम कोण देणार, काका?”

ह्या प्रश्नाचे उत्तर एकट्या काकाने देण्याजोगे नाही. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस जाऊन कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर सात हजार रुपयांस गहाण टाकले होते. त्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले. मल्लाच्या मागे कोणी तरी उभा होता, म्हणून मल्ल झाला. आज आपण सभामंडपाला संगमरवर घालतो, कळसाला सोन्याचा मुलामा देतो, आणि देवळामागचा आखाडा मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडतो. मग त्या आखाड्यातील मुलगा पिंजऱ्याकडे वळला, तर आपण त्याला कोणत्या तोंडाने अडवावे?

एन्गानूने आपल्या बाटिए गावी मुलांसाठी व्यायामशाळा बांधली आहे. आमच्या वस्तीतील देवळाच्या मंडळापुढे मीही एक सूचना ठेवली आहे: येत्या हनुमान जयंतीच्या वर्गणीतून चौथा हिस्सा आखाड्यातील मुलांच्या खुराकासाठी, एका चांगल्या गादीसाठी आणि वार्षिक वैद्यकीय तपासणीसाठी वेगळा काढावा. मंडळी विचार करीत आहेत. वाचकांनीही आपापल्या देवस्थानात हा विषय काढून पाहावा, अशी विनंती आहे.